लाल-निळ्या काठांची पाकिटं



आमच्या माजरीत पांढरी वस्तू फार दिवस पांढरी राहत नाही. दोरीवर वाळत घातलेला सदरा संध्याकाळी काढला की त्यावर कोळशाची पुसट झाक आलेली असते. भद्रावती तालुक्यातलं हे खाणीचं गाव. नागपूरहून बल्लारशाहकडे जाणारी गाडी इथे थांबते आणि वणीकडचा फाटा इथूनच फुटतो. तेवढ्यावर आमचं गाव जंक्शन म्हणून मिरवतं. अशा गावात गेली चाळीसेक वर्षं मी कागदाचा एक प्रकार स्वच्छ ठेवण्याची धडपड करतो आहे. तो प्रकार म्हणजे हवाई डाकेची जुनी पाकिटं. कडेला लाल-निळ्या तिरप्या पट्ट्या, कोपऱ्यात छोटंसं विमान, क्वचित एखादा ताजमहाल किंवा हत्ती छापलेला. आज माझ्याकडे अशी सहाशेच्या वर पाकिटं आहेत. ओळखीचे लोक विचारतात, ‘तुम्ही कवी माणूस, पत्रं जमवाल तर समजू शकतो. रिकामी पाकिटं कसली जमवता?’ त्याचं उत्तर मी आजवर हसण्यावारी नेलं. आज ते खरं सांगायचं ठरवलं आहे.

१९७९ साली माझा मोठा भाऊ, आमचा भाईजान, कुवेतला गेला. तो वेल्डर होता. मी तेव्हा दहा वर्षांचा. अब्बा खाणीत कामाला. भाईजानचं शिक्षण लहानपणी आजोळी राहून उर्दू शाळेत झालेलं, आणि मी माजरीच्या जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत. एकाच घरातल्या दोन भावांच्या दोन लिप्या. त्याची पत्रं उर्दूत यायची. मदरशात मी अरबी अक्षरं शिकलो होतो, पण छापील कुराणशरीफ वाचणं वेगळं आणि वेल्डिंगच्या कामानं बोटं जाड झालेल्या माणसाचं घसरतं उर्दू हस्ताक्षर लावणं वेगळं. मला ते लागत नसे. अम्मीला कुठलीच लिपी येत नव्हती. त्यामुळे पत्र आलं की अब्बा कामावरून येईपर्यंत ते कोनाड्यात पडून असे. रात्री जेवणं झाल्यावर अब्बा चष्मा लावून मोठ्यानं वाचत. सब खैरियत है, काम ठीक चल रहा है, अम्मी को सलाम, छोटे को प्यार. वाचून झालं की पत्र पत्र्याच्या पेटीत जाई आणि पाकीट माझ्या वाट्याला येई.

मला पत्र वाचता येत नव्हतं, पाकीट वाचता येत होतं. त्यावर इंग्रजीत आमचा पत्ता असे, आणि बाजूला अरबीत दोन शब्द छापलेले असत, ‘बरीद जव्वी’. म्हणजे हवाई डाक. छापील होते म्हणून मला ते लागले. कुराणाबाहेर मी स्वतः वाचलेले ते पहिले अरबी शब्द. त्या दिवशी मी सगळ्या गल्लीत ते मोठ्यानं म्हणत फिरलो होतो. कुणाला काही कळलं नाही, पण पोट्ट्याला अरबी येते म्हणून शेजारच्या चाचींनी गूळ दिला.

सुरुवातीला मीही सगळी मुलं करतात तेच केलं. कात्री घेऊन तिकिटं कापायची, कोमट पाण्यात भिजवायची, काचेवर वाळवायची. पहिल्या दोन-अडीच वर्षांची पाकिटं मी अशी वाया घालवली. पुढे आमच्या टपाल कार्यालयात एक पोस्टमास्तर आले. त्यांनी माझी वही पाहिली आणि म्हणाले, ‘अरे, तू कोंबडीची पिसं जमवलीस आणि कोंबडी हाकलून दिलीस.’ मग त्यांनी एक पाकीट उलटं करून दाखवलं. पुढच्या बाजूला कुवेतचा शिक्का, मागे माजरीचा. दोन्हींवर तारखा. हे पत्र किती दिवस वाटेत होतं, ते या दोन तारखांमध्ये आहे, म्हणाले. तिकीट कापलं की पुढची तारीख अर्धी जाते. त्या दिवसापासून मी अख्खं पाकीट ठेवू लागलो. जगभरचे संग्राहकही तसंच करतात, हे मला फार उशिरा कळलं.

या पाकिटांच्या नटव्या काठांचा इतिहास मी पुढे वाचत गेलो. विमानाचं टपाल वेगळं ओळखू यावं म्हणून त्यावर निळी चिठ्ठी लावायची रीत होती. त्या चिठ्ठीवर ‘पार आव्हियों’ असे फ्रेंच शब्द असत, कारण १८७४ साली स्थापन झालेल्या जागतिक टपाल संघाची भाषा फ्रेंच. पण गठ्ठ्यात बांधलेल्या पाकिटाची चिठ्ठी दिसणार कशी? काठ मात्र दिसतो. कडेच्या पट्ट्यांमुळे शेकड्यांतून विमानाचं टपाल चटकन वेगळं काढता येई. आज त्या पट्ट्या फक्त शोभेच्या वाटतात, तरी त्यांच्यामागे टपाल वर्गीकरण करणाऱ्या कारकुनाची सोय होती. कागद पातळ, कारण विमानात प्रत्येक ग्रॅमचे पैसे. इतका पातळ, की एका बाजूला लिहिलेलं दुसऱ्या बाजूला उमटायचं.

आणि जगातलं पहिलं अधिकृत हवाई टपाल निघालं ते आपल्याच देशातून. १८ फेब्रुवारी १९११. अलाहाबादला मोठं प्रदर्शन भरलं होतं. हेन्री पेके नावाच्या तरुण फ्रेंच वैमानिकानं हंबर कंपनीच्या विमानातून साडेसहा हजारांच्या आसपास पत्रं यमुनेपलीकडे नैनीला नेली. अंतर जेमतेम दहा किलोमीटर. आमच्या इथे माणूस सायकलनं याहून लांब बाजाराला जातो. पण त्या पत्रांवर जो खास शिक्का मारला, त्यासाठी संग्राहक आज जीव टाकतात. माझ्याकडे ते पाकीट नाही, आणि पतसंस्थेतल्या कारकुनाच्या पगारात ते येणारही नाही. तसंच १५ ऑक्टोबर १९३२ चं. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन स्वतः विमान चालवत मुंबईला जुहूवर उतरले. तिथून पुढे मद्रासपर्यंत ते टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेलं. त्या फेरीचं पाकीट मी एका प्रदर्शनात काचेआडून पाहिलं. पाहताना नाक काचेला टेकलं होतं, रखवालदारानं हटकलं.

पण या सगळ्यात मला सर्वांत जवळची वाटते ती आपल्या नागपूरची गोष्ट. १९४९ साली रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना रात्रीची हवाई डाक सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून रात्री टपालाचं एकेक विमान निघे आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमानं नागपूरला सोनेगावच्या तळावर उतरत. तिथे थैल्यांची अदलाबदल होई. दिल्लीचं टपाल दिल्लीच्या विमानात, मद्रासचं मद्रासच्या. मग विमानं आपापल्या गावी परत, आणि सकाळी त्या-त्या शहरात पत्रं वाटायला तयार. त्याच वर्षी देशांतर्गत पत्रं जादा आकार न घेता विमानानं नेण्याची योजनाही आली. ही रात्रीची डाक सत्तरच्या दशकापर्यंत चालली. आपण नागपूरचे लोक संत्र्यांचं कौतुक सांगतो, शून्य मैलाचा दगड दाखवतो, पण रोज मध्यरात्री अख्ख्या देशाची पत्रं आपल्या अंगणात हात बदलत होती, हे कुणी सांगत नाही. डिसेंबर १९५३ मध्ये याच सेवेचं एक विमान नागपूरहून उडताच कोसळलं. एकटा वैमानिक वाचला.

अपघातातून वाचलेल्या पत्रांचीही संग्राहकांत एक वेगळी शाखा आहे. ऐकायला निर्दय वाटेल. एअर इंडियाची दोन विमानं युरोपातल्या माँ ब्लाँ पर्वतावर आदळली, एक १९५० साली ‘मलबार प्रिन्सेस’ आणि दुसरं १९६६ साली ‘कांचनगंगा’, ज्यात होमी भाभा गेले. तिथल्या हिमनदीतून त्यांचे अवशेष पुढे कित्येक वर्षं वर येत राहिले. २०१२ साली तर परराष्ट्र मंत्रालयाच्या टपालाचा थैलाच सापडला, सेहेचाळीस वर्षांनी. असल्या पत्रांच्या वाट्याला मी गेलो नाही. जमली नसती असंही नाही, पण हात झाला नाही.

माझा संग्रह वाढला तो गावातल्या माणसांमुळे. खाणीच्या गावात सगळा देश राहतो. तेलुगू, बिहारी, मल्याळी, छत्तीसगढी. एका केरळी परिचारिकेची बहीण आखातात होती, तिच्याकडून मला महाराजाचं चित्र असलेलं एअर इंडियाचं पाकीट मिळालं. मिशा पिळलेला, कमरेत वाकलेला तो महाराजा १९४६ साली बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी जन्माला घातला. कुणाच्या मामाकडून जर्मनीचं ‘लुफ्टपोस्ट’ आलं, कुणाकडून इटलीचं ‘व्हिया आएरिया’. आपल्याकडचं ‘हवाई डाक’. मला हे शब्द शेजारी-शेजारी लावायचा नाद आहे. कविता करणाऱ्याला दुसरा नाद काय असणार? टपाल आणि कविता यांचं वैर नाही, हे सांगायला मी नेहमी श्रीराम भिकाजी वेलणकरांचं उदाहरण देतो. १५ ऑगस्ट १९७२ ला देशात पिनकोड आला, तो या मराठी माणसाच्या डोक्यातून. आणि हे वेलणकर संस्कृतचे नावाजलेले कवी होते. सहा आकड्यांत सबंध देश बसवणं हे वृत्तात बसवण्यासारखंच काम आहे.

आता एका प्रकाराबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण माझी गोष्ट त्यावरच येऊन थांबते. तो प्रकार म्हणजे एअरोग्राम. हा एकच कागद. त्यावर पत्र लिहायचं, घड्या घालायच्या, कडा चिकटवायच्या, की तोच पाकीट होतो. आत दुसरं काही घालायला मनाई. कागदाचं वजन ठरलेलं, म्हणून दरही ठरलेला. हा पहिल्यांदा आला १९३३ साली इराकमध्ये. तिथले टपाल खात्याचे प्रमुख डग्लस गम्बली यांची ती कल्पना. पुढे दुसऱ्या महायुद्धात सैनिकांची पत्रं अशाच घडीच्या कागदावरून गेली. आपलं अंतर्देशीय पत्र त्याच कुळातलं.

भाईजान बहुतेक वेळा पाकीट वापरी. हात आखडता असला की एअरोग्राम. अशी बारा-तेरा माझ्याकडे आहेत.

११ मार्च १९८६ ला अम्मी गेली. त्याच दिवशी असरच्या नमाजनंतर दफन झालं. कुवेतला तार केली. मयतीला भाईजान पोचणं शक्यच नव्हतं, हे मलाही कळत होतं. पण चाळिसाव्याला तो येईल असं मी धरून चाललो होतो. मी तेव्हा सतरा वर्षांचा. रोज स्टेशनवर जाऊन नागपूरकडून येणाऱ्या गाड्या पाहत होतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याचा एअरोग्राम आला. अब्बांनी तो रात्री वाचला, पण मोठ्यानं नाही. घडी घालून खिशात ठेवला. मी विचारलं, काय लिहिलंय? म्हणाले, ‘दुआ की है. और क्या लिखेगा.’ चाळिसावा झाला. भाईजान आला नाही. त्याच्या पैशाचा ड्राफ्ट आला. मी घरात सगळ्यांदेखत बोललो, पैसे पाठवले की आईचं देणं फिटतं का? अब्बा काही बोलले नाहीत. काही दिवसांनी त्यांनी तो एअरोग्राम कडेनं ब्लेडनं नीट मोकळा केलेला, तसाच माझ्या हातात दिला. तुझ्या पाकिटांत ठेव, म्हणाले. मी ठेवला. इतर पाकिटांसारखाच, दोन्ही तारखा दिसतील असा घडी घालून.

पुढे मी वरोऱ्याच्या आनंद निकेतन महाविद्यालयातून बी. ए. झालो. फी भाईजानच्या पैशातून गेली. ते पैसे घेताना मला लाज वाटायची आणि रागही यायचा, पण घेतले. २ ऑगस्ट १९९० ला इराकनं कुवेत घेतलं. टपाल बंद, फोन बंद. त्या वेळी एक लाख सत्तर हजारांच्या आसपास भारतीय माणसं जॉर्डनमधल्या अम्मानहून विमानांनी परत आणली गेली. त्यांत भाईजान होता. इराकच्या वाळवंटातून बसनं अम्मान, तिथे तंबूत बारा दिवस, मग मुंबई. तो माजरीला उतरला तेव्हा हातात एक पिशवी होती. पासपोर्ट नव्हता, वकिलातीनं दिलेला कागद होता. पासपोर्ट मालकाच्या कपाटात राहिला, एवढंच तो म्हणाला. अकरा वर्षं तो तिथेच होता, असंही म्हणाला. मी ते ऐकलं. ऐकूनही मला जे समजायला हवं होतं ते समजलं नाही. मी माझ्या रागात होतो.

त्यानं वरोऱ्याला वेल्डिंगचं छोटं दुकान टाकलं. मी माजरीत. वीस-बावीस किलोमीटरचं अंतर. ईदला जाणं, लग्नकार्यात भेटणं, तब्येत विचारणं, एवढंच. २००४ साली अब्बा गेले. त्यांची पत्र्याची पेटी उघडली तर तळाला भुगा होता. भाईजानची सगळी पत्रं वाळवीनं खाल्लेली. मी मनात म्हटलं, चला, पाकिटं तरी आहेत.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात चंद्रपूरचे एक निवृत्त उर्दू शिक्षक माझ्याकडे आले होते. एका कविसंमेलनात ओळख झालेली. मी त्यांना संग्रह दाखवत होतो. माझं नेहमीचं व्याख्यान चालू होतं, या पट्ट्या बघा, हे विमान बघा. सगळ्या एअरोग्रामांत एकच असा होता, ज्याच्या काठांवर पट्ट्यांशिवाय नाजूक वेलबुट्टीही छापलेली. तोच १९८६ चा. पुढे कुवेतचा २२ मार्चचा शिक्का, मागे माजरीचा ५ एप्रिलचा. मी तो आतून दाखवायला उलगडला. मास्तर चित्र बघायचं सोडून वाचायला लागले. निम्म्यात थांबले. म्हणाले, ‘हे घरी कधी वाचलं नाही का?’

मग त्यांनी वाचून दाखवलं. तार शुक्रवारी मिळाली, असं त्यात होतं. तीनदा मालकाकडे गेलो, पासपोर्ट मागितला. करार संपायला अजून चौदा महिने आहेत, जायचं असेल तर पासपोर्टशिवाय जा, असं तो म्हणतो. चौथ्यांदा गेलो तेव्हा पहारेकऱ्याला सांगून बाहेर काढलं. अम्मीच्या कबरीवर माझ्या नावानं मूठभर माती टाका. आणि शेवटी होतं, छोट्याला हे वाचून दाखवा, तो माझ्यावर रागावला असेल.

पत्र पाच एप्रिलला माजरीत पोचलं होतं. चाळिसावा त्यानंतर दोन आठवड्यांनी होता. म्हणजे मी स्टेशनवर गाड्या पाहत होतो तेव्हा अब्बांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी ते का सांगितलं नाही, यावर मी पुष्कळ विचार केला. मुलगा परमुलखात असा अडकून पडलाय हे खाणीच्या चाळीत कळू नये, असं त्यांना वाटलं असेल. मी पोटाच्या पायी शिक्षण सोडून काही वेडंवाकडं करेन, अशी भीती असेल. काहीही असेल. पण त्यांनी पत्र पेटीत ठेवलं नाही, माझ्याकडे दिलं, हेही खरं. इतर पाकिटांतली पत्रं काढून घेता आली. एअरोग्रामातून पत्र काढता येत नाही. वाळवी त्याच्यापर्यंत पोचली नाही, कारण मी ते वेलबुट्टीसाठी जपलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं वरोऱ्याला गेलो. भाईजान आता सत्तरीकडे झुकलाय, डोळ्यांनी अधू. वेल्डिंगच्या उजेडानं जायची ती दृष्टी गेली. एअरोग्राम त्याच्या हातात दिला. त्यानं लांब धरून पाहिला, चष्मा मागवला, पूर्ण वाचला. मग म्हणाला, ‘हे तर तुम्ही वाचलंच होतं ना?’ मी नाही म्हटलं. तो बराच वेळ गप्प होता. अडतीस वर्षं तो समजत होता, की मला सगळं माहीत आहे आणि तरीही मी रागावलेलो आहे.

बाकीची पत्रं कुठे आहेत, असं त्यानं विचारलं. वाळवीनं खाल्ली म्हटल्यावर हसला. ‘खाऊ दे. खोटंच जास्त लिहिलं होतं त्यात.’

तेव्हापासून महिन्यातल्या दोन रविवारी मी एकेक पाकीट पिशवीत घालून वरोऱ्याला जातो. शिक्क्यावरची तारीख त्याला वाचून दाखवतो आणि त्यात काय लिहिलं होतं, ते तो आठवून सांगतो. कधी आठवतं, कधी दोन पत्रांची सरमिसळ होते. कधी पत्रात काय लिहिलं होतं ते सांगून मग खरं काय होतं तेही सांगतो. मी ते वहीत मराठीत उतरवून घेतो. मागच्या खेपेला १४ जून १९८१ चं पाकीट नेलं होतं. लाल-निळे काठ अजून ताजे आहेत, कोपऱ्यातलं विमानही. भाईजाननं ते नाकाजवळ नेलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाला, ‘यात काही नव्हतं रे. गरमी खूप आहे, एवढंच लिहिलं होतं.’

(आकाशवाणीवरील भाषणावरून संपादित)